बोरा बाजार ते भिगवण: लेन्सचा हिशेब

२०१८च्या फेब्रुवारीत भिगवणला गेलो तेव्हा गळ्यात भावाचा कॅमेरा होता, कॅमेऱ्यासोबतच मिळणारी १८-५५ एमएमची किट लेन्स लावलेला (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). होडीवाल्याने रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्याच्या बऱ्यापैकी जवळ नेलं, तरी फोटोत आले ते उजनी धरणाच्या पाण्यावरचे गुलाबी ठिपके. स्वतःचा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचं परतीच्या वाटेवरच ठरलं.

पहिले दोन आठवडे नुसत्या बॉडीच्या, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या, किमती बघण्यात गेले. मग एका शनिवारी मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात गेलो. दुकानदाराने मला पाच मिनिटं बोलू दिलं आणि म्हणाला, "साहेब, पक्षीच काढायचे ना? मग बॉडीचं सोडा. पुढच्या पाच वर्षांत कुठल्या लेन्स घेणार, ते लिहून आणा." वर हळूच, "बिल हवंय का विदाउट बिल?" विदाउट बिल म्हणजे वॉरंटीवर पाणी, म्हणून तो भाव मी धरलाच नाही.

घरी येऊन वहीत चार रकाने आखले: कॅनन, निकॉन, सोनी, पेंटॅक्स. सोनी आणि पेंटॅक्सचं एक आवडलं होतं. हात हलला तरी फोटो सावरणारी यंत्रणा त्यांच्या बॉडीतच असते, त्यामुळे जुनीपुराणी लेन्सही चालून जाते. पण पेंटॅक्सच्या लेन्स मला हाताळायलाच मिळेनात आणि सोनीचं सगळं लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे. दोन्ही रकान्यांवर काट मारली.

पहिली ओळ ५० एमएम, एफ १.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). कॅननची एसटीएम नावाची लेन्स तेव्हा ८-९ हजारांत होती. निकॉनची जुनी 'डी' जवळपास तेवढ्यालाच, नवी 'जी' मात्र दीडपट. मी खुशाल 'डी'चा आकडा लिहून मोकळा झालो. नशीब, एका मित्राकडे तीच लेन्स पडून होती. त्याच्या डी५३०० या निकॉन बॉडीवर चढवली, फोकस करायला बटण अर्धं दाबलं. शांतता. लेन्स काढून मागून पाहिली, तर कड्यावर स्क्रूच्या डोक्यावर असते तशी खाच. या लेन्समध्ये फोकस करणारी मोटर नसते. बॉडीतून एक बारकं पातं बाहेर येतं, खाचेत बसतं आणि लेन्स फिरवतं. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकांच्या बॉडीत ते पातंच नाही. म्हणजे स्वस्त बॉडी घ्या आणि महाग लेन्स भरा, नाहीतर पातं असलेल्या डी७२००पर्यंत वर चढा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये १९८७पासून मोटर लेन्समध्येच, त्यामुळे ही भानगड नाही. मात्र कॅननच्या साध्या लेन्ससोबत हूड (आडवा उजेड अडवणारी पुढची कड) मिळत नाही, तो वेगळा घ्या. वहीत तेही चढलं.

इथपर्यंत कॅननच पुढे होतं. पण माझा खरा खर्च लांबच्या लेन्सचा. टॅमरॉन आणि सिग्मा या दुसऱ्या कंपन्यांची १५०-६०० कॅनन-निकॉन दोन्हींसाठी मिळायची, तेव्हा ती हिशेबातून वजा. कॅननची ४०० एफ ५.६ सव्वा किलोची, सुटसुटीत, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन, म्हणजे ती फोटो सावरणारी यंत्रणा, नाही आणि माझा हात काही दगडाचा नाही. कॅननच्याच १००-४००ची दुसरी आवृत्ती उत्तम, पण तेव्हा निकॉनच्या २००-५००च्या साधारण दीडपट किंमत. २००-५०० मात्र शेवटपर्यंत एफ ५.६च राहते, १५०-६०० लांब टोकाला ६.३वर येतात, आणि पहाटेच्या उजेडात तो फरक जाणवतो. या एका ओळीने सगळी बेरीज फिरली. डी७२०० आणि २००-५०० घेतली, अर्थात बिलासकट. लेन्सपुढे लावायच्या काचेच्या फिल्टरचा व्यास ९५ एमएम आहे, हे मात्र फिल्टरचा भाव ऐकल्यावर कळलं! लेन्सचं २.३ किलो वजन खांद्याला कळलं ते वेगळंच.

मित्राने ती 'डी' लेन्स शेवटी मलाच विकली. डी७२००वर ती झकास चालते, फक्त फोकस करताना घर्र आवाज करते. भाच्याच्या मुंजीत मी पुढे सरसावून बटण दाबलं आणि गुरुजी मंत्र थांबवून वळून बघायला लागले.