दुसरा आकडा चढला तेव्हा

सपाटीवर स्पीडगन लावणं आणि बोरघाटात लावणं, यात फार फरक आहे. मी महामार्ग पोलिसांत हवालदार. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा असली, तरी घाटात ती ६० वर येते आणि जड वाहनांना तेव्हा फक्त ४० होती. या चाळिसावरून ट्रकवाल्यांशी आमची रोजची हुज्जत. "एवढ्या उताराला चाळीस राहतंय होय, साहेब?"

त्या दुपारी आमची इंटरसेप्टर, म्हणजे वेग मोजायची गाडी, मुंबईकडे उतरणाऱ्या बाजूला उभी होती. वळणातून बाहेर पडलेलं वाहन तीनशे-सव्वातीनशे मीटरवरून सरळ दिसावं, अशी ती जागा. लेसर गनच्या दुर्बिणीतून नंबर प्लेटवर ठिपका धरायचा आणि घोडा दाबायचा. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे शेकडो ठोके गाडीवर आदळून परत येतात. परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं आणि ते किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आसपास. रडारचा झोत पसरट असतो, शेजारून दोन गाड्या आल्या की वाद होतो. लेसरचा झोत तीनशे मीटरवरही जेमतेम मीटरभर रुंद, त्यामुळे ज्याचा वेग त्याच्याच नावावर लागतो. "तुम्ही कडेला तिरके उभे राहता, म्हणून आकडा वाढतो" असं कित्येक जण म्हणतात. खरं उलट आहे. तिरकेपणामुळे आकडा किंचित कमीच येतो, म्हणजे फायदा चालकाचा.

एक दहाचाकी ट्रक वळणातून बाहेर आला. पहिलं रीडिंग ५२. आमची गाडी दिसली की चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि पुढचं रीडिंग उतरतं, हे ठरलेलं. मी पुन्हा घोडा दाबला. ५७. पुन्हा दाबला, ६१. पोलीस समोर दिसत असताना कोणी वेग वाढवत नाही. मी शिपायाला ओरडून सांगितलं, "वायरलेसवर घे, ह्याला ब्रेक लागत नाहीयेत."

ट्रक आमच्यासमोरून गेला तेव्हा ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला, आणि इंजिनाचा आवाज जवळजवळ नव्हताच. न्यूट्रलमध्ये सोडलेला होता. खालच्या पेट्रोलिंग गाडीने भोंगा लावून त्याच्या पुढची वाहनं बाजूला काढली. उतार सैल झाला तिथे तो कसाबसा कडेला लागला. आम्ही पोहोचलो तेव्हा मागच्या चाकांतून धूर येत होता आणि क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन धावत होता. त्याला आधी थांबवलं. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकतो.

चालक पन्नाशीचा, हात थरथरत होते. "न्यूट्रल का केलंस?" तो म्हणाला, "डिझेल वाचतं, साहेब. मालक लिटर मोजून देतो." मी त्याला गनमधले फोटो दाखवले. प्रत्येकावर वेळ, अंतर, वेग. बघून तो खालीच बसला. गिअरात असती तर इंजिनानेच गाडी धरून ठेवली असती. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापले की पकड सोडतात. शिवाय ४० वरचं वाहन ६० वर गेलं की ते थांबवायला सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे त्यालाही त्याच्या उस्तादाने शिकवलेलं होतं. तसं उतरलं तर चाळीस राहतं.

ई-चलान केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली जड वाहनाला २ हजार ते ४ हजार रुपये दंड आहे. त्याच कलमात नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणाऱ्या मालकालाही शिक्षा आहे, हे चालकांना सहसा ठाऊक नसतं. मी त्याला ते नीट समजावून सांगितलं आणि त्याच्याच फोनवरून मालकालाही. लिटर मोजणाऱ्याने ड्रमचा धूरही बघावा, असं मला मनापासून वाटतं.

ड्रम गार व्हायला बराच वेळ गेला. मग मेकॅनिकने ब्रेक तपासून दिल्यावरच ट्रक सोडला.

आता उतारावर जड वाहनाचं एकच रीडिंग घेऊन मी थांबत नाही. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा चढला, तर चलान नंतर, वायरलेस आधी. नवीन पोरांनाही गन हातात देताना हेच सांगतो.