आतड्याच्या ऑपरेशनआधीची ती पावडर हलक्यात घेऊ नका
मोठ्या आतड्याचं ऑपरेशन म्हटलं की सगळे भूल किती तास, पोटावर संडासची पिशवी लावणार का, खर्च किती हेच विचारतात, आणि आदल्या दिवशी पोट साफ करायला जी पावडर देतात ती म्हणजे काय नुसतं जुलाबाचं औषध असं म्हणून सोडून देतात. मला हे अजिबात पटत नाही.

माझी आत्या लालबागच्या चाळीत राहते, वय सत्तरच्या पुढे, शुगर आहे, बीपीची गोळी चालू, आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला. दोन लिटर पाण्यात कालवलेलं ते खारट औषध ग्लासमागून ग्लास संपवायचं, वर पोटात अन्न नाही आणि रात्रभर गॅलरीतून ये-जा. मी सोबतीला होते. मध्यरात्रीनंतर एकदा येताना ती कठड्याला धरून थांबली, हात गार पडलेले, म्हणाली "अगं, डोळ्यापुढे अंधारी येतेय". मग शेजारच्या काकूंकडून कमोडची खुर्ची आणून खोलीतच ठेवली.

जुलाबातून नुसतं पाणी जात नाही, सोडियम-पोटॅशियमपण जातं, आणि पोटॅशियम खूप घसरलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वर लघवीवाटे अंगातलं पाणी कमी करणारी बीपीची गोळी चालू असेल तर अजून त्रास, आणि उपाशीपोटी शुगरची नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं तर शुगर एकदम खाली येते, म्हणून कुठली गोळी कधी बंद करायची ते डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या. किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा, कारण पोट साफ करायला तोंडाने घ्यायच्या सोडियम फॉस्फेटमुळे किडनीला इजा होऊ शकते म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2008 मध्ये कडक इशारा दिला होता, त्या मानाने पीईजीची (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) पावडर बरी. पोट फुगलंय, उलट्या होतायत, गॅससुद्धा सरत नाही, म्हणजे आतडं अडलेलं असू शकतं, अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटसुद्धा नको, आतडं फाटायची भीती असते.

आणि ही तयारी प्रत्येकाला लागतेच असंही नाही. फिनलंडमधल्या 2019 च्या एका अभ्यासात कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) ऑपरेशनआधी पावडर अधिक अँटिबायोटिक गोळ्या दिलेल्या आणि यातलं काहीच न दिलेल्या पेशंटमध्ये जखमेच्या इन्फेक्शनचा खास फरक दिसला नाही, पण त्याच वर्षीची अमेरिकन सर्जन्सची गाइडलाइन म्हणते दोन्ही एकत्र द्या, नुसती पावडर नको. गुदाशयाच्या ऑपरेशनला बरेच सर्जन तयारी करूनच घेतात. म्हणजे हे सर्जनच ठरवणार, पण पावडर कशासाठी आणि सोबत अँटिबायोटिक आहे का, एवढं विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सकाळी ड्युटीवरच्या डॉक्टरांना मी रात्रीचं सगळं सांगितलं, त्यांनी लगेच रक्त पाठवलं, पोटॅशियम कमी निघालं, ते सलाईनमधून भरून मगच आत्याला आत नेलं. तुमच्याकडे कोणी वयस्कर एकटं राहत असेल, त्यातून संडास सार्वजनिक असेल, तर आदल्या दिवशीच अ‍ॅडमिट करून घ्या म्हणून डॉक्टरांच्या मागे लागा.