भिंगवाली बाई आणि भिंतीवरचे डॅशुंड

म्युनिकच्या आउअर डुल्टमध्ये परवा एका म्हाताऱ्या विक्रेत्या बाईने माझा आनंद पार घालवला, आणि तेव्हापासून मी तिच्या प्रेमात आहे. ही डुल्ट म्हणजे मारियाहिल्फप्लात्झच्या चर्चभोवती वर्षातून तीनदा भरणारी जत्रा. भांडीकुंडी, पाळणे, जुन्या वस्तू. स्वस्त कागदांच्या ढिगात मला डॅशुंडचं, म्हणजे त्या लांब अंगाच्या बुटक्या कुत्र्याचं, एक चित्र मिळालं. पिवळट कागद, लांब कान, पायाशी शिकाऱ्याची टोपी. ही तर जुनी शिळाछाप (दगडावरून छापलेलं चित्र, लिथोग्राफ), आणि बाईला पत्ताच नाही, असं वाटून मी चेहरा शक्य तितका कोरा ठेवून पैसे पुढे केले. तिने पैसे घेतले नाहीत. एप्रनच्या खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आधी कान बघा."

पाहिलं. कानावर निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके एकसारख्या गोल नक्षीत ओळीने बसले होते. म्हणजे ऑफसेट, आजकालची यंत्रावरची छपाई, कुठल्या तरी कॅलेंडरवरून उतरवलेलं. मग तिने टेबलाखालून एक खरी शिळाछाप काढली आणि तिच्यावर भिंग धरायला लावलं. इथे ठिपके होते, पण कुणी हाताने टिंबं दिल्यासारखे. कुठे दाट, कुठे विरळ, दोन टिंबं सारखी नाहीत. त्यानंतर एक एचिंग आलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेलं चित्र. त्याच्या चारही बाजूंनी कागद किंचित दबलेला होता, कारण तांब्याच्या पत्र्यासकट तो प्रेसखालून जातो. त्या कडेवरून तिने माझं बोट फिरवून घेतलं. मागे गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी बाईचा वर्ग सुरूच.

सगळं झाल्यावर म्हणाली, "शिळाछाप याच गावात जन्मली आणि तिची नक्कलही इथेच." घरी येऊन तपासलं, बाई बरोबर होती. नाटकं लिहिणाऱ्या अलॉइस झेनेफेल्डरला छपाईचा खर्च परवडेना, म्हणून तो बव्हेरियातल्या चुनखडीच्या दगडावर प्रयोग करत बसला. त्यातून १७९६च्या सुमारास दगडावरून छापायची युक्ती निघाली. आणि छायाचित्र बारीक ठिपक्यांत फोडून छापायच्या पद्धतीचं पेटंट १८८२ साली घेतलं ते म्युनिकच्याच गेओर्ग माइझेनबाखने. ते ठिपकेवालं चित्र मी शेवटी घेतलंच, किरकोळ पैशांत. कुत्रा देखणा होता, त्यात त्याचा काय दोष!

आता "बघा, तिकडे किती प्रामाणिक लोक" असं सुरू करू नका. नागपूरच्या इतवारीतल्या कापडवाल्याने माझ्या आईच्या हातातली साडी काढून घेत "वहिनी, ही नका नेऊ, पहिल्याच धुण्यात रंग जाईल" म्हटलेलं मी लहानपणी स्वतः ऐकलंय. फक्त त्याच्यावर कुणी ब्लॉग लिहिला नाही. आणि या बाईपासून चार टेबलं पलीकडे बसलेला गृहस्थ जुनी पुस्तकं उसवून त्यातली चित्रांची पानं सुटी विकतो. प्राण्यांचे जाडजूड सचित्र ग्रंथ, शिकारीची मासिकं, सगळं सुरीखालून जातं. एका पानाला जे मिळतं त्याची बेरीज अख्ख्या पुस्तकाच्या किमतीहून जास्त भरते, एवढाच हिशेब. पानाची एक कड सरळ नसेल, मागच्या बाजूला मजकूर असेल, तर समजावं की हे पुस्तकाचं प्रेत आहे. मला संताप येतो. अशी काही पानं माझ्याही फोल्डरमध्ये आहेत, पण ती मी घेतली तेव्हा फाडून झालेली होती. मी नको म्हटलं असतं तर ती काय परत शिवली जाणार होती?

नागपूरच्या मित्राचं म्हणणं वेगळंच. "अबे, एवढा शौक आहे तर कुत्रा पाळ ना. कागदं काहून जमवून राहिला?" त्याला सांगून थकलो. इथे भाड्याच्या घरात कुत्रा आणायचा तर आधी घरमालकाला विचारा, मग कुत्र्यावर दरवर्षी नगरपालिकेला कर भरा. तेही केलं असतं. पण दिवसभर मी ऑफिसात आणि तो बिचारा दारामागे एकटा, हे काही बरं नाही. नागपुरात धरमपेठेच्या घरात आमचा डॅशुंड टिल्लू कधी एकटा राहिला नाही. आजी असायची, शेजारच्या काकू असायच्या, इस्त्रीवालासुद्धा त्याच्याशी दोन शब्द बोलून जायचा. मे महिन्यात त्याला पहाटे पाचलाच फिरवून आणावं लागे. उन्हं चढल्यावर रस्ता असा तापतो की ज्याचं पोट जमिनीपासून चार बोटंच वर आहे त्याने जायचं कुठून? जिने चढायला बंदी होती, कारण या जातीची पाठ लांब आणि मणक्याची दुखणी ठरलेली. गच्चीवर तो बाबांच्या कडेवर बसूनच जायचा, मानाने. बाबांनी मला कधी तसं नेल्याचं आठवत नाही.

तर सध्या कुत्रा भिंतीवर. आणि या जातीची चित्रं जमवायला म्युनिकसारखं गाव नाही, हे मान्य करावंच लागतं. बिज्जूच्या (बॅजरच्या) बिळात शिरण्यासाठी घडवलेली ही जात. तिचा जर्मन क्लब १८८८पासूनचा. इथल्या आडोल्फ एबर्ले या चित्रकाराने (१८४३–१९१४) बव्हेरियन शिकारी आणि त्यांचे डॅशुंड एवढे रंगवले की त्याच्या चित्रांवरून काढलेल्या छापील प्रती अजून अधूनमधून हाती लागतात. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचा वाल्डी तर डॅशुंडच. उन्हाळी-हिवाळी सगळी ऑलिंपिक धरून हा पहिला अधिकृत शुभंकर. डिझायनर ओट्ल आयखरच्या चमूने केलेला. डोकं-शेपूट फिकट निळी, अंगावर रंगीत पट्टे, आणि लाल-काळा मुद्दाम वगळलेला, कारण ते रंग नाझींची आठवण देत. मॅरेथॉनचा मार्गही वाल्डीच्या आकाराचा आखला होता. बेचाळीस किलोमीटरचा कुत्रा! वाल्डीच्या मालाच्या नव्या नकला मात्र इतक्या आहेत की भिंग घेतल्याशिवाय हात लावू नये.

उलट बाजूचेही कागद आहेत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व्यंगचित्रकारांनी जर्मनी दाखवायला हाच कुत्रा उचलला. तशी चित्रं मी घेत नाही. टिल्लू कुणाच्या युद्धात नव्हता. आणि इटालियन चित्रकार जाकोमो बाल्लाचं १९१२चं ते प्रसिद्ध चित्र, ज्यात डॅशुंड इतक्या घाईने चाललाय की त्याच्या पायांचा नुसता पंखा झालाय, ते मूळ अमेरिकेत बफेलोला आहे. माझ्याकडे पोस्टर. बाईच्या भिंगाखाली ते नापास होईल, होऊ दे.

फ्रेमचं विचारू नका. इथल्या फ्रेमवाल्याने आम्लविरहित पुठ्ठा, ऊन अडवणारी काच असं करत चित्राच्या चौपट आकडा सांगितला आणि महिनाभराची तारीख दिली. नागपूरच्या महाल भागातला आमचा फ्रेमवाला सकाळी दिलेलं संध्याकाळी हातात ठेवतो. (मागे हार्डबोर्ड ठोकतो, आणि काही वर्षांत कागदावर तपकिरी डाग येतात, हे खरं. पण संध्याकाळी हातात ठेवतो.)

घरी सहकारी जेवायला आले तेव्हा त्यांनी सगळे डॅशुंड ओझरते पाहिले आणि थांबले देवघरापाशी. आईने दिलेला दत्ताचा फोटो. एकाने वाकून विचारलं, "हे चार कुठल्या जातीचे?" मी म्हटलं, "ते वेद आहेत." तो बराच वेळ गप्प होता. मी पडलो विदर्भातला, कारंजा लाडचं दत्तक्षेत्र आणि दत्त कुणाला समजावून सांगायची पाळी आधी कधी आली नव्हती, त्यामुळे माझंही जर्मन तिथे संपलं. पण मग त्याला घाटकोपरची गोष्ट सांगितली. राजा रविवर्म्याने १८९४ला तिथे छापखाना काढला तो जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणून. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानेच विकत घेतला. त्या छापखान्याने दत्तही छापला, चार कुत्र्यांसकट. म्हणजे यांच्याकडे कुत्रे शिकाऱ्याच्या पायाशी बसलेले, आमच्याकडे देवाच्या, आणि दोन्ही निघाले झेनेफेल्डरच्याच युक्तीने. हे सांगताना माझा आवाज जरा चढला असेल.

आईने दिलेला फोटो मात्र ऑफसेट निघाला, भिंग लावून झालं. म्हणून आता नागपूरकरांना विनंती. महालात, इतवारीत, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर काळवंडलेल्या फ्रेममधला दत्त असेल तर भंगारात देऊ नका आणि फ्रेमही उचकटू नका. काचेवरूनच भिंग धरा आणि कुत्र्यांच्या अंगावर बघा. ठिपके शिस्तीत ओळीने असतील तर निवांत नमस्कार करा. वेडेवाकडे, हाताने दिल्यासारखे दिसले, तर खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का पाहा आणि मला फोटो पाठवा. विकत मागणार नाही. (एकदा विचारेन फक्त.)