कंबर दुखते, पण दोष पोटाचा

बँकेत कॅशला बसते, त्यामुळे कंबर धरली की सगळे खुर्चीलाच दोष देतात. सासूबाईंनी तेल चोळून दिलं, एक्स-रेही झाला. मणके ठणठणीत! पण ज्या सकाळी पोट गच्च, त्याच सकाळी कंबर ठणकायची आणि पोट साफ झालं की दोन्ही उतरायचं.

पोटाच्या डॉक्टरांनी हे ऐकून, तपासून आयबीएसचं (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्याला इजा नसतानाही पोट वारंवार बिघडण्याचा त्रास) निदान केलं. आतड्याच्या आणि पाठीच्या संवेदना मज्जारज्जूत एकाच पट्ट्यात पोचतात, त्यामुळे मेंदूचा पत्त्यात घोळ होतो. वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, झोपेतून उठवणारं दुखणं यातलं काही असतं तर गोष्ट वेगळी होती, हेही त्यांनी बजावलं.

मग लो-फॉडमॅप आहार, म्हणजे आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी असलेला, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने विकसित केलेला. काही आठवडे कांदा, लसूण, गहू बंद. आमच्या कोल्हापुरी घरात म्हणजे संकटच! सासूबाई म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात करतोच की." लसणातलं त्रास देणारं फ्रुक्टन हे असंच एक कर्बोदक, ते पाण्यात विरघळतं, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या तेलात परतायच्या आणि काढून टाकायच्या. वास राहतो, पोटही कुरकुरत नाही. ही युक्ती मला सगळ्या गोळ्यांपेक्षा आवडली.

आता एकेक पदार्थ परत आणून बघतेय. गव्हाची एक पोळी चालते, राजमा अजिबात नाही. पुढचा नंबर कांद्याचा.