पंचेचाळीस डिग्रीत मेम्ब्रेन धुणं

मे महिन्यात अमळनेरकडच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. डायलिसिसच्या पाण्याच्या रिपोर्टात बॅक्टेरिया वाढलेत. मर्यादा मिलीलिटरला १०० ची असली तरी ५० झाले की हालचाल करायची असते, आणि इथला आकडा ५० च्या पुढे गेलेला. एका पेशंटच्या चार तासांत साधारण १२० लिटर पाणी मशीनमधून जातं. रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा, बस. त्यामुळे संध्याकाळची शेवटची शिफ्ट सुटल्यावर सुरू करून सकाळच्या आत सगळं उरकायचं होतं.

"भाऊ, पाण्याच्या टाकीत टाकतो ते हायपोच सोडा ना, सगळं मरेल," तिथला टेक्निशियन म्हणाला. हायपो म्हणजे क्लोरीनचं द्रावण. जंतू मरतील, पण त्याबरोबर मेम्ब्रेनही, म्हणजे आरओतला पाणी गाळणारा पडदाही जाईल. ते मेम्ब्रेन पॉलिअमाइड नावाच्या प्लास्टिकचं, क्लोरीन त्याला हळूहळू खातो, आणि एकदा खाल्लं की ते दुरुस्त होत नाही. आरओच्या आधी पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमधल्या रेझिनच्या दाण्यांना मात्र सौम्य हायपो चालतो. म्हणून आधी सॉफ्टनर आरओपासून तोडला, हायपो भरून ठेवला आणि धुवून सगळं पाणी थेट गटारात सोडलं. क्लोरीनची चाचणी कोरी आल्याशिवाय आरओकडचा व्हॉल्व्ह उघडू दिला नाही.

मेम्ब्रेनला पेरासेटिक ॲसिड हे जंतुनाशक द्यायचं होतं. पण बोअरचं पाणी, त्यात गंजकी पाइपलाइन. मेम्ब्रेनवर लोह असताना पेरासेटिक आणि त्यातलं पेरॉक्साइड सोडलं, तर लोहामुळे ती क्रिया भडकते आणि जंतूंऐवजी मेम्ब्रेनच जळतं. घाईत हीच पायरी गाळली जाते. लोह काढायला आधी सायट्रिक ॲसिड फिरवायला घेतलं, तर थोड्याच वेळात टाकीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. ते ओतून नवीन केलं. तेही पिवळं. रंग यायचा थांबला तेव्हा रात्र बरीच झाली होती.

आणि मग खरी अडचण आली. पेरासेटिकचं द्रावण ०.२ टक्क्यांच्या वर नको आणि २५ डिग्रीच्या वर नको. जिकडे दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो, तिकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्रीही हाताला कोमट लागतं. थर्मामीटर टाकला, ३३. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये खानदेशचा मे महिना धरलेला नसतो.

वॉर्डबॉयला बर्फाच्या कारखान्यात पिटाळलं. गोणपाटात, भुश्यात गुंडाळलेली लादी रिक्षातून उतरवताना तो हसत म्हणाला, "पाणीले बी ताप उना का भाऊ?" लादी फोडून तो थेट टाकीत टाकायला निघाला, तेव्हा धावत जाऊन अडवलं. तो बर्फ कुठल्या पाण्याचा, देव जाणे. जंतू मारायच्या पाण्यात नवे जंतू! आरओचं पाणी बंद जारमध्ये भरलं आणि ते जार बर्फात गाडले. २२ वर आल्यावर द्रावण बनवलं. पंपही फिरता फिरता पाणी तापवतो, म्हणून थर्मामीटरवरची नजर काढता येईना. पेरासेटिकचा आंबूस वास नाकात शिरला की डोळे चुरचुरतात. गॉगल, हातमोजे आणि दार सताड उघडं. डायलिसिसची मशीन आधीच लूपपासून, म्हणजे त्यांना पाणी पुरवणाऱ्या पाइपांच्या फेऱ्यापासून, सोडवून प्रत्येकावर ‘वापरू नये’ची पाटी लावलेली होती.

पहाटे पेरासेटिक धुवून काढायला सुरुवात केली. औषध उरलं असेल तर चाचणीची पट्टी निळी होते. जवळच्या नळावर ती लवकरच पांढरी राहू लागली, पण लूपच्या टोकाच्या पॉइंटवर ती निळी होतच राहिली. टेक्निशियन घड्याळ दाखवत होता, बाहेर पेशंट येऊन बसलेले. पट्टी कोरी येईपर्यंत पाणी सोडत राहिलो. शिफ्ट उशिरा लागली. नातेवाईक बोलले, ऐकून घेतलं.

पुढचा कल्चर रिपोर्ट ५० च्या बराच खाली आला. बर्फाची पावती मात्र आमच्या हिशेबनीसांनी परत पाठवली, रसवंतीचं बिल चुकून लागलंय का म्हणून. मी त्यावर ‘मेम्ब्रेन सॅनिटायझेशन’ लिहून पुन्हा पाठवली. पैसे अजून यायचेत.