सफरचंदाला व्हिसा नाही

आधीच सांगते, चूक आमचीच होती. पण म्हणून राग येऊ नये असं थोडंच आहे?

जुलैतली शाळेची सुट्टी, म्हणजे इथे ऑस्ट्रेलियात ऐन हिवाळा. अपोलो बेहून निघालो तेव्हाच पाऊस लागला होता, जिलाँग येईपर्यंत त्याने उसंत घेतली नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ अशी वर्षानुवर्षं खपून ग्रेट ओशन रोड कड्याकड्याने खोदला. आम्हाला त्याच्या डावीकडे राखाडी, उजवीकडे राखाडी आणि मध्ये वायपर एवढंच दिसलं.

जिलाँगच्या धक्क्यावर गाड्यांची ही रांग. टास्मानियाचं रात्रीचं जहाज २०२२ पासून मेलबर्नऐवजी इथूनच सुटतं. पोटात सुमारे ५०० गाड्या घेतं आणि सकाळी डेव्हनपोर्टला सोडतं. नवरा निवांत होता. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर त्याने गाडी रिव्हर्समध्ये चढवलेली आहे, "येऊ द्या, येऊ द्या" ऐकत. "इथे काय, नाकासमोर आत जायचं," तो म्हणाला.

नाकासमोर एक रेनकोटवाला उभा होता. गॅस सिलिंडर? पेट्रोलचा कॅन? फळं, भाज्या, रोपं?

डिकीत दीड-दोन किलो सफरचंदं, टोमॅटो आणि लिंबं निघाली. त्याने पिशवीसाठी हात पुढे केला.

आता मला सांगा, एकाच देशातल्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात चाललोय. आम्हाला पासपोर्ट लागत नाही आणि सफरचंदाला व्हिसा नाही! त्यात टास्मानियाची ओळखच मुळी सफरचंदांचं बेट म्हणून. मी एक सफरचंद पुसून त्यावरचा स्टिकर त्याला दाखवला. टास्मानियाचंच होतं. म्हटलं, "अहो, हे माहेरी चाललंय." तो मनापासून हसला. हात मात्र तसाच पुढे.

शेजारच्या गाडीतले आजोबा पावसात उभे राहून एकामागून एक केळी संपवत होते. टाकण्यापेक्षा बरं, म्हणाले, आणि एक मलाही दिलं. रागात खाल्लेलं केळं घशात अडकतं, हे त्या दिवशी कळलं.

कारण ठाऊक आहे हो मला. फळमाशी. २०१८ मध्ये टास्मानियात तिच्या अळ्या सापडल्या आणि तिथल्या बागाईतदारांची फळं बाहेर पाठवायची पंचाईत झाली. समुद्रच कुंपण असलेल्या बेटाने ते राखलं तर बिघडलं काय? काही नाही. बुकिंगच्या ईमेलमध्येही सगळं लिहिलेलं होतं. खाली, बरंच खाली. एवढी लांब ईमेल वाचतं कोण? आणि आपल्याकडे एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाताना कुणी पिशवी मागितली असती तर मी धक्का डोक्यावर घेतला असता, हे नवऱ्याने म्हणण्याआधी मीच म्हणून टाकते. इथे मात्र "सॉरी" म्हणून पिशवी दिली. वर "थँक यू"सुद्धा म्हणाले. कशाबद्दल, देव जाणे.

बास सामुद्रधुनी उथळ आहे, सरासरी साठेक मीटर, त्यामुळे तिथे लाटा चांगल्याच उसळतात. केबिनमधले हँगर रात्रभर एकमेकांवर आपटत होते. खालून कुणाच्या तरी गाडीचा अलार्म मधूनच ठणाणा करायचा. दाभोळचा बहाद्दर भिंतीकडे तोंड करून आडवा. कोरडे मोजे गाडीत आणि गाड्यांचा डेक सकाळपर्यंत बंद.

दोनच्या सुमाराला लेकीचं ओलं जॅकेट नीट टांगायला घेतलं, तर खिशात संत्रं.

"अगं, तू दिलं नाहीस?"

"त्याने पिशवी मागितली, खिसा नाही."

दोघींनी अंधारात निम्मं निम्मं खाल्लं. सालं कागदात गुंडाळून केबिनच्या डब्यात टाकली, हात दोनदा साबणाने धुतले.

सकाळी डेव्हनपोर्टला पाऊस थांबला होता. जहाजातून उतरलो तर पुन्हा तपासणी, आणि या वेळी सोबत कुत्रा. काही फळं? "नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. कुत्र्याने डिकी हुंगली, बॅगा हुंगल्या, मग लेकीच्या जॅकेटपाशी येऊन शांतपणे बसला. ती हरखून गेली, तिला वाटलं आपण त्याला आवडलो. बाईंनी हातमोजा घालून खिसा उलटा केला.

आतून एक बी पडली.