स्पिन क्लाससाठी स्वस्तातले बूट: आधी पेडल बघा

स्पिन क्लास म्हणजे एका जागी उभ्या सायकलवरचा व्यायामाचा क्लास. त्यासाठी बूट बघायला लागण्याआधी ज्या सायकलवर बसणार आहात तिचं पेडल उलटंपालटं करून बघा आणि दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा इथेच. बूट चांगला असतो, मापालाही बरोबर असतो, पण त्याखाली लावलेली क्लीट, म्हणजे बूट पेडलात अडकवणारा तुकडा, त्या पेडलात बसतच नाही.

इनडोअर बाइकवर मुख्यतः दोन जाती दिसतात. पहिली शिमानो कंपनीची एसपीडी. १९९० मध्ये ती माउंटन बाइकसाठी आली. क्लीट धातूची, अंगठ्याच्या पेराएवढी, दोन बोल्टवर बसणारी. दुसरी लुक कंपनीची डेल्टा. ही मोठी, तिकोनी, प्लास्टिकची आणि तीन बोल्टची. लुकने हे पेडल १९८४ मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार्ड इनोने त्यावर तूर द फ्रान्स जिंकली. रस्त्यावरच्या सायकलींवर आता डेल्टा फारशी उरलेली नाही, पण पेलोटॉन कंपनीच्या घरगुती व्यायामाच्या बाइकवर तीच आहे. कित्येक स्टुडिओंत पेडलच्या एका बाजूला एसपीडी आणि दुसऱ्या बाजूला डेल्टा किंवा कुठलाही बूट अडकवता येणारा साधा पट्ट्याचा पिंजरा असतो.

तीन बोल्टवाल्यांची खरी गोची पुढे आहे. डेल्टा, लुकचीच नवी किओ आणि शिमानोची एसपीडी-एसएल या तिन्ही क्लीट बुटाच्या त्याच तीन भोकांत बसतात, पण एकीची क्लीट दुसरीच्या पेडलात जात नाही. त्यामुळे ‘रोड बाइकची क्लीट’ एवढंच विचारून घेऊ नका, पेडलचं नाव सांगा. आणि बुटासोबत क्लीट मिळतेच असं नाही, बहुतेकदा ती वेगळी घ्यावी लागते. बजेट ठरवताना तिचे पैसे आधीच धरा.

दोन आणि तीन, दोन्ही प्रकारची भोकं असलेले बूट मिळतात. वेगवेगळ्या ठिकाणी क्लास करत असाल तर तेच घ्या. फक्त एसपीडीच लागणार असेल तर माउंटन बाइकच्या धाटणीचा, क्लीट सोलमध्ये आत बसणारा बूट माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा. डेल्टाची क्लीट खाली बाहेर येते आणि घामाने ओल्या फरशीवर सरकते.

आता काटकसर कुठे करायची? कार्बन सोलवर बिनधास्त करा. तो हलका असतो, पण सायकल एका जागी उभी असताना ग्रॅम वाचवून कुठला घाट चढायचाय? ग्लास फायबर मिसळलेला नायलॉनचा सोल पुरतो. बूट दोन्ही हातांत धरून चवड्यापाशी वाकवून बघा. सहज दुमडला तर नको, कारण एसपीडीची क्लीट लहान असते आणि सोल मऊ असला की सगळा दाब एका ठिकाणी येऊन तळव्याची आग होते. बूट आवळायला फिरवायच्या डायलवरही जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. दोन-तीन रुंद वेलक्रोचे पट्टे उत्तम. लेसचे बूट घेतलेत तर लेसची टोकं खोचायला इलॅस्टिकची पट्टी हवीच, नाहीतर ती क्रँकमध्ये, म्हणजे पेडलच्या दांड्यात, गुंडाळली जातात.

मापावर मात्र तडजोड नको. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा आणि मोठा पाय धरा. मग त्या कंपनीचा तक्ता बघा. नेहमीच्या बुटाचा नंबर इथे कामाचा नाही. युरोपियन नंबरांत एका नंबराचा फरक साधारण ६.७ मिलिमीटर असतो, म्हणजे अंदाज चुकला तर चांगलाच चुकतो. बोटांपुढे अर्धा सेंटिमीटर जागा पुरे. पाय वर ओढल्यावर टाच बुटातून उचलली जाऊ नये.

स्वस्त बूट अनेकदा अरुंद असतात. करंगळी दाबली जात असेल तर रुंद आवृत्ती शोधा, पण रुंदीसाठी एक नंबर मोठा घेऊ नका. मोठ्या बुटात क्लीटची भोकं तुमच्या पायाच्या मानाने पुढे जातात आणि टाच सैल पडते ती वेगळीच.

क्लीट बसवणं हे बुटाच्या किमतीपेक्षा महत्त्वाचं काम. बूट घालून अंगठ्यामागचं उंच हाड बाहेरून चाचपा आणि तिथे टेपचा तुकडा चिकटवा. करंगळीमागच्या हाडाशीही तसंच करा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या दरम्यान यायला हवा. शंका असेल तर दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या. क्लीट फार पुढे गेली की पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते, बोटंही बधिर होतात. कोनासाठी टेबलाच्या कडेवर पाय लोंबकळत ठेवून बसा. पावलं आपोआप जितकी बाहेर किंवा आत वळतात तितकंच वळण सायकलवरही मिळायला हवं. ते जबरदस्तीने सरळ केलं तर गुडघे कुरकुरतात. नवख्यांनी डेल्टामध्ये पाय वळायला ९ अंश मोकळीक देणारी लाल क्लीट घ्यावी. एसपीडीमध्ये एसएच५६ नावाची क्लीट अनेक दिशांनी सुटते म्हणून सोपी वाटते, पण उभं राहून जोरात वर ओढलं की नको तेव्हाही सुटू शकते. एसएच५१ फक्त टाच बाजूला वळवल्यावरच सुटते.

एसपीडीच्या काही बुटांत क्लीटची जागा रबरी झाकणाने बंद असते. ते आधी काढावं किंवा ब्लेडने कापावं लागतं. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर घामाने गंज चढून ते कायमचे अडकतात. एसपीडीला ४ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी किल्ली) लागते. एकदा हा, एकदा तो असे आलटून पालटून ५ ते ६ न्यूटन-मीटरपर्यंत (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळा.

बोल्ट ढिले राहिले तर बूट वळतो, क्लीट मात्र पेडलात तशीच राहते आणि पाय सुटत नाही. असं झालं तर रेझिस्टन्सची मूठ दाबून चाक पूर्ण थांबवा, पट्टे सोडा आणि पाय बुटातून बाहेर काढा. बूट नंतर सोडवता येतो. फ्लायव्हील, म्हणजे बाइकचं जड चाक, फिरत असताना तर कधीच पाय सोडवायला जाऊ नका, पेडल पायाला ओढत नेतं. बोल्ट घट्ट असूनही पाय जड सुटत असेल तर पेडलच्या ताणाचा छोटा स्क्रू इन्स्ट्रक्टरकडून थोडा सैल करून घ्या. पहिल्या दोन-तीन क्लासनंतर बोल्ट पुन्हा तपासा, ते बसतात आणि थोडे ढिले होतात.

क्लास संपल्यावर इनसोल (बुटातली सुटी गादी) बाहेर काढून बूट सावलीत वाळवा. हीटरवर किंवा कडक उन्हात ठेवले तर सोलचा गोंद सुटतो.

वापरलेले बूट घेत असाल तर वेलक्रो किती पकडतो ते बघा, सोलला क्लीटजवळ चीर आहे का ते बघा, आणि बोल्ट विकणाऱ्यासमोरच एकदा सोडवून पुन्हा लावून घ्या. षटकोनी खाच झिजलेली असेल तर तो बोल्ट ड्रिलनेच निघेल.